वारा नेते, पानी टाकते

सावली या आमच्या गावात गारा पडल्या त्या दुपारी सगळ्यांना आभाळ दिसत होतं, फक्त आमच्या भूगोलाच्या बाईंना दिसलं नाही. सकाळपासून अंधारून आलेलं होतं. धानाच्या ट्रॉल्या लोकांनी ताडपत्र्या टाकून झाकल्या होत्या. बाई मात्र छत्री शाळेतच ठेवून घरी निघाल्या आणि राइस मिलच्या कोपऱ्यावर गारांत सापडल्या. डोक्यावर जेवणाचा डबा धरून धावत परत आल्या, तेव्हा डब्याला पोचे पडले होते.

"बाई, हवामान तुम्हीच शिकवता न?" हेडसर म्हणाले. "मोबाइलात पाह्यलं नाई का?"

बाई पदर पिळत म्हणाल्या, "पाह्यलं न सर. तिथी तं कोरडं आहे."

'तिथी' म्हणजे पार पश्चिम किनाऱ्यावर. बाईंचा एकुलता एक मुलगा तिथल्या अणुवीज केंद्रात तंत्रज्ञ होता आणि बाईंच्या मोबाइलवर हवामान दिसायचं ते त्याच्या गावाचं. सावलीचं हवामान पाहायचं तर त्यांना बोटानं बरंच सरकवावं लागे, आणि तेवढी उसंत त्यांना नसे. पोरांनी त्यांचं नाव 'वेधशाळा' ठेवलं होतं. बाईंना ते माहीत होतं. "ठेवू द्या," त्या म्हणायच्या, "वेधशाळेले माह्यापेक्षा पगार जास्त आहे."

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. मूळचा साताऱ्याकडचा, कोयनेच्या खोऱ्यातला. नोकरी लागली तेव्हा इकडे पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत आलो आणि इथलाच झालो. स्टाफरूममध्ये बाईंची खुर्ची माझ्या शेजारी, त्यामुळे रोज सकाळी प्रार्थनेआधी त्यांचा मुलाला होणारा फोन मला ऐकावाच लागे. बाईंना कानाला फोन लावायची सवय नव्हती. तो टेबलावर ठेवून त्या मोठ्यानं बोलत.

"जय भीम बेटा. वारा कुठून आहे?"

"पंख्याचा आहे आई."

"मस्करी नको करू. खिडकीतून हात काहाड अन् पाह्य."

पलीकडून उसासा यायचा, मग खिडकी उघडल्याचा आवाज. "समुद्राकडून आहे. नेहमीसारखा."

"जोरात?"

"आई, मले ड्युटीवर जायचं आहे."

फोन ठेवला की बाई मला वाऱ्याची बातमी देत. मला त्या काळात त्यांचा भयंकर राग यायचा. माणसानं सकाळी सकाळी हजार-बाराशे किलोमीटरवरच्या वाऱ्याची काळजी काय म्हणून करावी? मी एकदा तसं बोललोही. बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तुमच्या पोराच्या वर्गात साप निघाला तं तुम्ही किती किलोमीटर मोजान?"

त्यांच्या झोपेचंसुद्धा एक शास्त्र होतं. समुद्रकाठी दिवसा वारा पाण्याकडून जमिनीकडे येतो आणि रात्री उलटा, जमिनीकडून पाण्याकडे जातो. हे आपण सगळे शाळेत शिकतो आणि विसरतो. बाई त्याच्यावर झोपत होत्या. "रात्री काही झालं तं सारं समुद्रावर जाईन," त्या म्हणायच्या, "म्हून मी रात्री झोपते. डोळा लागत नाई तो दिवसा." दिवसा झोपायचं असतं कोणाला, असं विचारायची सोय नव्हती. पावसाळ्यात मात्र वारा चोवीस तास समुद्राकडूनच येतो. ते चार महिने बाईंच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं असत, आणि पोरांच्या वह्या तपासताना त्या बसल्या जागी पेंगत.

हा घोर त्यांना लागला तो जपानमधल्या अणुभट्ट्यांच्या अपघाताच्या वेळी. मुलगा तेव्हा शिकत होता, नोकरी लागायची होती. टीव्हीवर त्या भट्ट्यांचा धूर दाखवत आणि बाई जेवायचं ताट पुढ्यात घेऊन बघत बसत. त्यांनी मिळेल ते वाचलं. सुरुवातीचं बरंचसं किरणोत्सारी विष वाऱ्यानं समुद्रावर नेलं, मग वारा फिरला, त्यात पाऊस अन् बर्फ आला, आणि जे हवेत होतं ते डोंगरांमधल्या गावांवर उतरलं. त्याआधीच्या, युक्रेनमधल्या जुन्या अपघाताचंही तसंच. कोणत्या देशातल्या कोणत्या डोंगरावर पाऊस झाला म्हणून तिथली मेंढरं कितीतरी वर्षं विकता आली नाहीत, आणि जवळची काही कोरडी गावं त्या मानानं हलक्यात सुटली, हे बाई इतकं रंगवून सांगत की हेडसर डब्यातली भाजी तशीच ठेवून ऐकत बसायचे.

सगळ्याचा अर्क बाईंनी एका वाक्यात काढला होता. वारा नेते, पानी टाकते. आणि त्याला जोडून दुसरं: अंतर नका पाहू, आभाळ पाहा. नववीच्या प्रत्येक तुकडीला ही दोन वाक्यं पाठ होती. अभ्यासक्रमात यातलं काहीही नव्हतं.

मग पुढे मुलाला नोकरी लागली ती नेमकी अणुवीज केंद्रातच. गावात पेढे वाटले गेले, मुलाचा सत्कार झाला, बौद्धविहारात लोकांनी बाईंच्या गळ्यात हार घातला. बाई हार घालून उभ्या होत्या आणि रडत होत्या. लोकांना वाटलं, नवरा लवकर गेला, एकटीनं पोराला वाढवलं, त्याचं सार्थक झालं म्हणून रडतात. मला नंतर म्हणाल्या, "काय बोलू सर? हजार जागा होत्या दुनियेत."

बाईंच्या शिकवण्याची एक तऱ्हा सांगितली पाहिजे. सावलीला राइस मिल आहेत आणि धानाच्या हंगामात त्यांच्या धुराड्यातून भुशाची काळी राख उडते. वाळत घातलेल्या धोतरावर, अंगणातल्या वड्यांवर, कुठेही ती येऊन बसते. आम्ही सगळे तिला शिव्या देतो. बाईंनी तिचा तक्ता केला. वर्गातल्या प्रत्येक पोराला एक पांढरं फडकं द्यायचं, ते त्यानं आपल्या घराच्या माळवदावर नाहीतर अंगणात दगड ठेवून पसरायचं आणि दुसऱ्या दिवशी घडी करून आणायचं. फळ्यावर गावाचा नकाशा, त्यावर खिळे, खिळ्यांना फडकी. हिवाळ्यात पहाटे हवा थंड आणि जड असते, धूर वर चढत नाही, तेव्हा मिलजवळची फडकी काळी. ऊन तापलं की राख वर जाते आणि दूर पसरते, तेव्हा सगळीच थोडी थोडी मळकी. एकदा या प्रयोगाच्या दिवशी गावाच्या एका टोकाला अवकाळी पावसाची एकच सर येऊन गेली. दुसऱ्या दिवशी मिलच्या भिंतीला लागून राहणाऱ्या पोराचं फडकं जवळजवळ कोरं, आणि तळ्यापलीकडच्या पोरीच्या फडक्यावर काळ्या धारा. बाई त्या फडक्याकडे बघून एवढ्या खूश झाल्या की पोरांना अर्धी सुट्टी दिली.

मिलमालकाला ही बातमी वेगळीच पोचली. बाई प्रदूषणाची तक्रार करायला पुरावे गोळा करतात असं त्याला कोणीतरी सांगितलं. तो बिचारा मिठाईचा डबा घेऊन शाळेत आला.

"बाई, काही चुकलं असन तं सांगा. धुराड्याले जाळी लावतो."

"नको लावू भाऊ," बाई घाबरून म्हणाल्या. "जाळी लावली तं मी शिकवू काय?"

तो अजूनही ही गोष्ट लोकांना सांगतो आणि शेवटी कपाळाला हात लावतो.

एवढ्या शास्त्राच्या बाई, पण त्यांच्या आत दुसरंच एक जुनं माणूस बसलेलं होतं. त्यांचं माहेर पोंभुर्ण्याकडे, जंगलाला लागून. लहानपणी गावात पटकी आली, तेव्हा त्यांच्या आईनं सगळी पोरं घेऊन जंगलातल्या ओळखीच्या एका गोंड कुटुंबाकडे मुक्काम हलवला होता. नदीला पूर आला तेव्हाही तेच. दुष्काळाच्या वर्षी मोहफुलांवर आणि कंदांवर दिवस काढले तेही तिथंच. "माही आई म्हने, काही झालं तं जंगलात जाजो. जंगल मानसाले टाकत नाई," हे सांगताना बाईंचा आवाज बदलायचा. भूगोलाच्या बाई कुठे जायच्या आणि कोणाची तरी लेक बोलायला लागायची.

मुलाचं लग्न झालं. सून गडचिरोलीची, नर्सिंग झालेली, बोलायला मोकळी. ती सासूच्या वाऱ्याच्या चौकश्यांना न कंटाळता उत्तरं द्यायची. बाईंनी तिला पहिल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं, की याले नोकरी बदलायले लाव, तू सांगशीन तं ऐकन. तिनं हसून टाळलं. बाई स्वतः मात्र कधी तिथं गेल्या नाहीत. मुलानं तिकिटं काढली, दोनदा तर आरक्षणाचे कागद पोस्टानं पाठवले. बाईंचं ठरलेलं उत्तर होतं, "तूच ये. इथी आभाळ साफ आहे."

मग सून गरोदर राहिली. सहावा महिना लागला तेव्हा जुलै होता. बाईंनी तिला बाळंतपणाला सावलीला आणायचं ठरवलं होतं. नातवंड इथं, जमिनीकडच्या वाऱ्यात जन्मावं एवढीच त्यांची इच्छा. तिला आणायला माणूस पाठवायचं तेवढं बाकी होतं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले होते. हेडसरांच्या मोबाइलवर कोणत्याशा ग्रुपमधून एक मेसेज आला आणि ते वाचता वाचता थांबले. बाईंकडे बघून त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. बाईंनी तो सरळ उचलून घेतला. मुलाच्या केंद्रात सायरन वाजतोय, गळती झाली आहे, लोक घरं सोडून पळताहेत, असं लिहिलं होतं. खाली पळणाऱ्या माणसांचा एक व्हिडिओ होता, तो कुठलाही असू शकला असता.

मुलाचा फोन लागला नाही. तो लागणारच नव्हता, केंद्राच्या फाटकावर मोबाइल जमा करून आत जावं लागतं. बाईंनी सुनेला लावला. टेबलावर ठेवला. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आई, सायरन वाजून राह्यला," सून म्हणाली. तिचा श्वास चढलेला होता. "कोनी म्हनते प्रॅक्टिस आहे, कोनी म्हनते लीक झालं. खालच्या मजल्यावरचे गाडी काढून राह्यले. मले म्हनतात चला. मी काय करू?"

"जाय," बाई म्हणाल्या. क्षणाचाही विचार केला नाही. "बस त्यांच्या गाडीत. घाट चढ. वर पहाडात जंगल आहे न, तिथी जाय. जितकं दूर होईन तितकं दूर जाय. थांबू नको माह्या माय."

"तुमचा पोरगा..."

"त्याले मी सांगते. तू निघ!"

फोन बंद झाला. बाई खुर्चीत मागे टेकल्या. घाम आलेला, पण चेहऱ्यावर काम केल्याचं समाधान होतं. धीर द्यायला म्हणून मी म्हणालो, "वर पोचली की बरं होईल बाई. आमच्याकडं घाटात या दिवसांत फार हाल होतात, पाऊस दोन-दोन आठवडे उघडत नाही. पण गाडीत आहे ती."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला आधी कळलंच नाही की मी काय बोललो.

"घाटात पाऊस आहे?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी स्वतःच मोबाइलवर बघितलं. त्यांच्या मुलाचं गाव पहिल्या पानावर होतं: ढगाळ, वारा समुद्राकडून. बोटानं सरकवत त्या घाटातल्या एका गावापर्यंत गेल्या. मुसळधार. वारा समुद्रावरून केंद्राकडे, केंद्रावरून घाटाकडे, आणि घाट त्या ढगांना अडवून पाऊस पाडत होता. प्रतिरोध पर्जन्य. बाई नववीला दर वर्षी बाणांची आकृती काढून दाखवत, डोंगराच्या या बाजूला बाण, त्या बाजूला कोरडा प्रदेश. काहीही हवेत सुटलं असतं तर वाऱ्यानं ते सरळ त्या जंगलावर नेलं असतं आणि पावसानं तिथंच उतरवलं असतं, झाडांच्या पानांवर, ओढ्याच्या पाण्यात, गाडीतून उतरलेल्या माणसांच्या अंगावर. घरात बसून दारं-खिडक्या लावून घेतल्या असत्या तर ती कितीतरी सुरक्षित होती. हे आम्हाला स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनीच शिकवलं होतं.

त्यांनी फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. घाटात रेंज नसते, हे मला माहीत होतं, पण आता मी तोंड बंद ठेवलं.

"मी तिले पावसात पाठवली," बाई म्हणाल्या. "अंतर पाह्यलं मी सर. जंगल पाह्यलं. आभाळ पाह्यलंच नाई."

हेडसर म्हणाले, "बाई, खोटा असन मेसेज."

"असू दे खोटा. माह्या तोंडातून तं खरंच निघालं न?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाई वर्गावर गेल्या नाहीत, घरीही गेल्या नाहीत. व्हरांड्याच्या कठड्यावर बसून एकामागून एक फोन लावत राहिल्या. मी माझा तास घेत होतो, पण दारातून त्या दिसत होत्या आणि माझ्या हातातला खडू काही केल्या पुढे सरकेना. शेवटी पोरांना वाचायला सांगून मी बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. त्यांचा हात धरावा का, हे मला कळत नव्हतं. मग धरला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो नुकताच फाटकाबाहेर पडला होता. काहीही झालेलं नव्हतं. तो सरावाचाच सायरन होता. आदल्या दिवशी कॉलनीत गाडी फिरवून सगळ्यांना सांगितलं होतं, सून तेव्हा तपासणीला दवाखान्यात गेलेली. बाकीच्यांनी सवयीनं खिडक्या लावून घेतल्या. खालच्या मजल्यावरचं कुटुंब कॉलनीत नवीन होतं, ते घाबरून पळालं आणि सुनेलाही सोबत घेऊन गेलं.

"आई, तिले जाय म्हनून तू सांगतलं?" मुलानं विचारलं.

"हो."

तो म्हणाला, "ठीक आहे. मी पाहतो."

घाटात रस्त्यावर झाड पडलं होतं. गाडी अडकली, माणसं पावसात उतरून वरच्या वाडीपर्यंत चालत गेली. एका धनगराच्या घरात सुनेला रात्र काढावी लागली, चुलीशेजारी, ओल्या कपड्यात. दुसऱ्या दिवशी तिला खाली आणलं तेव्हा अंगात ताप होता आणि पोटात दुखत होतं. डॉक्टरांनी भरती करून घेतलं. बाळाचे ठोके नीट लागेपर्यंत बाईंनी आणि आमच्या स्टाफरूमनंही अन्न गोड मानलं नाही. ठोके लागले. बाळ तगलं, सूनही बरी होऊन घरी आली. डॉक्टरांनी प्रवास मात्र बंद केला, त्यामुळे ती आता सावलीला येणं शक्य नव्हतं.

या सगळ्यात सुनेनं सासूला एक शब्दही लावला नाही. दवाखान्यातून फोन केला तेव्हा उलट म्हणाली, "आई, तुम्ही टेन्शन नका घेऊ, त्या घरच्या बाईनं मले गरम भाकर देल्ली." बाईंना ते फार लागलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्या मला दोनतीनदा म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी फडक्यांच्या प्रयोगाचं नावही काढलं नाही. पोरं विचारायची, "बाई, फडके कधी टाकाचे?" तर त्या पुस्तकातलं पान सांगायच्या. मला वाटलं, आता या खचल्या. मग ऑगस्टमध्ये एक दिवस हेडसरांच्या टेबलावर त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज ठेवला. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. हेडसरांनी समजावलं, मीही समजावलं, गावातही कुजबुज झाली की जन्मभर ज्याच्या नावानं घाबरली त्याच्याच दारात वेधशाळा राहायला चालली. कोणी म्हणालं, डोकं फिरलं. मिलमालक स्वतः घरी जाऊन एचएमटी तांदळाचं एक पोतं देऊन आला.

मी त्यांना बल्लारशाच्या स्टेशनवर सोडायला गेलो. सामान बरंच होतं, तांदूळ, जवसाची चटणी, बाळंतिणीसाठी डिंक, जुन्या मऊ साड्यांची दुपटी. बाई बाकावर बसल्या होत्या आणि पाय हलवत होत्या. घाबरलेल्या होत्या हे उघड दिसत होतं. ओठ कोरडे पडलेले, पाण्याची बाटली हातात असून पीत नव्हत्या. गाडीची घोषणा झाली आणि मला राहवलं नाही.

"बाई, तुमची भीती गेली का?"

"कुठी जाते सर? वाढली."

"मग कशाला चाललात? पाऊस संपू द्यायचा. दिवाळीनंतर जायचं."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"इतक्या दुरून सांगतलं म्हून चुकली मी," त्या म्हणाल्या. "तिनं ऐकलं, अन् एकटी भिजली. पुढंही चुकीनच, माहा काही भरवसा नाई. पण आता चुकीन, तं तिच्याजवळ बसून चुकीन."